उजव्या गॅलरीची मोजणी

हेरॉन्स म्हणजे बगळे. कानेउरा शहराच्या बेसबॉल संघाला हे नाव कुणी दिलं कोण जाणे, पण विचार करूनच दिलं असावं. एका पायावर उभं राहून समोरून जाणारे मासे बघण्यात या संघाची निम्मी हयात गेली आहे. खरा बगळा निदान शेवटी चोच तरी मारतो. आमचे हेरॉन्स यंदा एकशे त्रेचाळीस सामने खेळले, सत्तावन्न जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि सहा संघांत सहावे आले. हे सलग चौथं वर्ष.

तरीही नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी उजव्या गॅलरीची, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला बसणाऱ्या चाहत्यांची, चार म्होरकी मंडळी दरवर्षीसारखी बाजारातल्या ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यांच्या दुकानात जमली. झालेल्या हंगामाचा हिशेब मांडायचा आणि पुढच्या हंगामाची तयारी ठरवायची, हा त्यांचा जुना रिवाज. सुमिए कागावा सगळ्यांत शेवटी आली. तिच्या पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक चेंडू होता. गेले पाच आठवडे तो तिच्या कपाटात होता आणि गेले पाच आठवडे तिला धड झोप नव्हती.

सुमिए गॅलरीची दांचो, म्हणजे पुढारी. हे काम बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. दांचो पांढरे हातमोजे घालून, मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभी राहते. तिचा हात वर गेला की तुतारी वाजते, खाली आला की ढोल, आणि मग बाराशे माणसं एका गळ्याने ओरडतात. बावीस वर्षांत सुमिएने एकही सामना सरळ डोळ्यांनी पाहिला नव्हता. ती सामना लोकांच्या तोंडावर वाचायची. एरवी ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, रोज पाचशे बावीस थाळ्या मोजून पाठवते आणि त्यात कधी एक थाळी इकडची तिकडे झालेली नाही.

आणि नेमकी तिचीच मोजणी चुकली, तीही तीनपर्यंतची.

हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर पाचवे, हरलो तर सहावे. शेवटच्या डावात हेरॉन्स एका धावेने पुढे होते. समोरच्यांचे तीन गडी आउट केले की संपलं. बेस म्हणजे धावेच्या वाटेवरचे टप्पे, चौथा टप्पा म्हणजे घर, तिथे पोचलं की एक धाव. पहिला आउट झाला, दुसऱ्याने फटका मारून पहिला बेस गाठला. तिसऱ्याने चेंडू जमिनीवरून मारला, धावत बेसवर पोचतो न पोचतो तोच पंचाने आउटचा हात उचलला आणि गॅलरीने आरोळी ठोकली. समोरची तोंडं उजळलेली सुमिएने पाहिली आणि मनात म्हटलं, दोन. लगेच ती बाकाखाली वाकली. तिथे विजयाचा मोठा झेंडा पिशवीत कोंबून ठेवला होता, वर्षभरात त्याची घडी फारशी मोडलीच नव्हती. तो ओढून काढण्यात दोन मिनिटं गेली. तेवढ्यात वर पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहून निकाल फिरवला होता. तो गडी आउट नव्हताच, आणि आता दोन बेसांवर दोन गडी उभे होते. बाजारात तुरी म्हणतात ती ही. सुमिएने झेंडा बाहेर काढला, उभी राहिली आणि हात खाली आणला.

"अजून एकच! अजून एकच!"

ढोल घुमला, बाराशे गळे घुमले. खरं तर अजून दोन हवे होते. मैदानातले खेळाडू दर आउटनंतर एकमेकांना बोटं दाखवून आकडा पक्का करतात, पण उजव्या कोपऱ्यात गॅलरीकडे पाठ करून उभ्या असलेल्या कुराइशीने त्या गदारोळात बोटं दाखवली नाहीत. वीस वर्षांचा, बेटावरून आलेला पोरगा, पहिलाच हंगाम. उंच उडालेला चेंडू त्याने धावत जाऊन सुरेख झेलला, वळला, तोंडभर हसला आणि जिंकल्यावर देतात तसा तो चेंडू भेट म्हणून गॅलरीत भिरकावला. डाव चालू असताना चेंडू मैदानाबाहेर गेला की धावणाऱ्यांना दोन-दोन बेस फुकट मिळतात. दुसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचून बरोबरी झाली, पुढच्या फटक्यावर समोरचे पुढे गेले, आणि आपले तीन बॅटर पाच मिनिटांत आउट होऊन परत आले.

चेंडू सुमिएच्या झेंड्यात येऊन पडला होता. त्या पोराचं हसू पुसलं जाताना तिने पाहिलं. बावीस वर्षांत मैदानावरची तेवढी एकच गोष्ट तिने सरळ डोळ्यांनी पाहिली.

बातमीदारांनी कुराइशीला गराडा घातला तेव्हा तो टोपी काढून म्हणाला, "मोजणी माझी चुकली." त्यापुढे एक शब्द नाही. तेव्हापासून गावाने त्याला गणितशिरोमणी करून टाकलं. शाळेत थाळ्या मोजताना एक मुलगी सुमिएला म्हणाली, "आजी, कुराइशीसारखं नका हं मोजू!" सगळा वर्ग हसला. सुमिए त्या दिवशी जेवली नाही.

दुकानाच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद होता. सुमिएच्या आधीच्या दांचोने आपल्या हाताने लिहिलेला. "आधी आपल्या चुका, मग त्यांच्या." बैठकीचा हा पहिला नियम. मधल्या गरम तव्यावर कोबी आणि पिठाचं मिश्रण पसरून ओकिता म्हाताऱ्याने सुरुवात केली. ओकिता टोफू बनवतो आणि बत्तीस वर्षं ढोल वाजवतो.

"जुलैत ढोल फाटला. माझी चूक. भिजलेला ढोल उन्हात ठेवला आणि विसरलो."

"मी ऑगस्टमध्ये दोनदा घाई केली," तुतारीवाला निशिबे म्हणाला. तो शाळेत संगीत शिकवतो आणि गॅलरीची सगळी गाणी तोच बांधतो. "बेसवर कुणी नसताना हल्ल्याची धून वाजवली."

"दोनदा? मी पाच वेळा लिहिलंय," मिओ म्हणाली. ही सत्तावीस वर्षांची, दाताच्या दवाखान्यात काम करते आणि प्रत्येक सामन्यातला प्रत्येक चेंडू वहीत टिपते. "माझी चूक ही की वहीवर मिसो सूप सांडलं. मे महिन्याच्या तीन सामन्यांना मिसोचा वास येतो."

"ते तीन सामने तसेही नासलेलेच होते," ओकिता म्हणाला आणि सगळे खिदळले.

मग सगळ्यांनी सुमिएकडे पाहिलं. तिच्या घशाशी शब्द आले होते. पण तिने तव्याकडे पाहत भलतंच सांगितलं.

"जूनमध्ये माझा घसा बसला. चार सामने नुसते हातवारे केले."

"छे छे दांचो, ती कसली चूक!" तिघंही एकदम म्हणाले. जरा जास्तच एकदम म्हणाले. सुमिएला आपलीच लाज वाटली, पण बोलायची वेळ निघून गेली होती.

मग संघाची पाळी आली, आणि मंडळींना कंठ फुटला. मॅनेजरचं पहिलं, कारण त्याला खेळाडूंकडून बुटका, नुसती बॅट टेकवलेला फटका मारून घ्यायचं वेड. "बेसवर माणूस आला की लागले टुक-टुक करायला," ओकिता उलथनं नाचवत म्हणाला. "अरे, मारू दे की एखाद्याला! घरात कुणी आजारी आहे का, हळू वाजवायला?" मग तो परदेशी बॅटर. एप्रिलमध्ये वाजत-गाजत आला, जूनमध्ये कंबर धरून विमानात बसला, मधल्या काळात चार होमरन. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. पण नव्या वर्षासाठी घेतलेल्या डावखुऱ्या पिचरबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की पोरगा चांगला आहे, फक्त आपल्याकडे येऊन बिघडू नये.

"पुढच्या वर्षी पाचवे," मिओने वहीवर टिचकी मारली. "मी हिशेब केलाय. एका धावेने हरलेले एकोणतीस सामने आहेत. त्यातले दहा जरी फिरले…"

"पाचवे? भूक तरी मोठी ठेव, पोरी. तिसरे!"

"तिसरे व्हायला आधी चौथे, पाचवे व्हावं लागतं, ओकिता-सान."

"लिफ्ट असताना जिने का चढायचे?"

हसणं ओसरल्यावर निशिबेने पाकिटातून एक कागद काढला. आता गाण्यांचा विषय होता. प्रत्येक बॅटरला गॅलरी त्याचं स्वतःचं गाणं देते. तो खेळायला आला की बाराशे माणसं उभी राहून त्याच्या नावाचं ते गाणं म्हणतात. नवख्याला गाणं नसतं, त्याच्यासाठी सगळ्यांना चालणारी एक साधी धून वाजते. कुराइशीने वर्षभर त्या धुनेवर काढलं होतं. सप्टेंबरात सराव संपल्यावर तो गॅलरीच्या जाळीपाशी आला होता आणि लाजत म्हणाला होता, "दांचो, माझं गाणं कधी?" सुमिए म्हणाली होती, "हिवाळ्यात आम्ही बांधतो. एप्रिलमध्ये ऐक."

"हे त्याचं गाणं," निशिबे म्हणाला. "ऑगस्टमध्येच झालं होतं. पण आता मी ते मागे घेतो. चाल बरी आहे, शब्द बदलून नव्या कॅचरला देऊ. लोकही म्हणतायत, कुराइशीला गाणं दिलं तर आम्ही उभे राहणार नाही."

"बरोबर आहे," ओकिता म्हणाला. "ज्याला तीनपर्यंत मोजता येत नाही त्याला गाणं कशाला? पाढे द्या त्याला."

या वेळी कुणी हसलं नाही. मिओने वहीत मान घातली.

"हात वर करा," निशिबे म्हणाला. "गाणं काढून घ्यावं असं ज्यांना वाटतं…"

"थांबा." सुमिएने पिशवीत हात घातला, टॉवेल सोडला आणि चेंडू तव्याच्या कडेला ठेवला. "आधी माझी चूक सांगायची राहिलीय."

"सांगितलीत की. घसा."

"घसा गेला खड्ड्यात. मी झेंडा काढायला वाकले होते. पंचांनी निकाल फिरवला ते मी पाहिलंच नाही. एकच आउट होता. मी दोन धरले आणि हात खाली आणला. त्या पोराने माझी मोजणी ऐकली. मोजणी माझी चुकली, त्याची नाही."

बोलून झालं. तव्यावर कडा करपायला लागल्या होत्या. सुमिए वाट बघत होती की कुणीतरी दचकेल, कुणीतरी "काय सांगता!" म्हणेल. कुणीच दचकलं नाही. निशिबे खिडकीबाहेर पाहत होता.

"माहीत आहे," ओकिता हळूच म्हणाला.

"काय?"

"फलक मला दिसत होता. आउटचा एकच दिवा पेटलेला. पण तुमचा हात खाली आला आणि मी ढोल मारला. बत्तीस वर्षं मारतोय. हाताला कधी विचारलं नाही, आता कुठून विचारणार?"

मिओने वही उघडून सुमिएसमोर सरकवली. शेवटच्या सामन्याच्या पानावर, समासात, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, "एक आउट. दांचोचा हात." त्यावर रबर फिरवल्याच्या खुणा होत्या. "खोडायला घेतलं होतं," मिओ म्हणाली, "पण खोडवेना."

सुमिएला आधी रडू येईलसं वाटलं, पण आला तो राग. लखलखीत राग.

"तुम्हाला तिघांनाही माहीत होतं? आणि पाच आठवडे तुम्ही त्या पोरावर विनोद करताय? पाढे द्या म्हणे! लाज नाही वाटत?"

"दांचोला तोंडावर कसं सांगायचं?" निशिबे पुटपुटला.

"म्हणून पोराला गाडायचं? माझी अब्रू झाकायला त्याची चादर ओढायची?"

"आणि तू गं?" ओकिताने उलथनं आपटलं. बावीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं. "तू तरी कुठे बोललीस? पाच आठवडे तुझी जीभ काय धुलाईला गेली होती? आताच घसा बसल्याचं सांगून मोकळी झालीस. आम्ही तिघे भित्रे, कबूल. पण चौथी तू."

सुमिएने पिशवीतून पांढरे हातमोजे काढले, नीट घडी घातली आणि चेंडूशेजारी ठेवले.

"बरोबर बोललात. उद्यापासून दुसरं कुणीतरी उभं राहा."

ओकिताने त्या मोज्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखी लाल झाला.

"हे बरंय! मोजे ठेवले की सुटलीस? कुराइशीला आहे का ही सोय? त्याला एप्रिलमध्ये त्याच कोपऱ्यात, त्याच गवतावर उभं राहायचंय. लोक शिव्या देतील, तरी उभं राहायचंय. आणि तू पळणार?"

रोज सकाळी तो पोरगा सरावाला जातो, हे सुमिएला वर्तमानपत्रातून माहीत होतं. सगळ्यांच्या आधी जातो, असंही लिहिलेलं होतं. तिने मोजे उचलून परत पिशवीत टाकले.

"ठीक. नाही पळत," ती म्हणाली. "पण यापुढे माझ्या एकटीच्या हातावर ढोल वाजणार नाही. मिओ, तू माझ्या शेजारी उभं राहायचंस. तुझं तोंड मैदानाकडे. दर आउटला बोटं वर. तुझी बोटं आणि माझा हात जुळला तरच ओकिता-सान मारतील. नाही जुळला तर माझ्या पाठीत गुद्दा घाल."

"खरंच घालू?"

"जोरात घाल. निशिबे, ते गाणं त्याचंच राहील, खिशात घाला. लोक उभे नाही राहिले तर आपण चौघे उभे राहू. आणि लोकांना वाटायच्या गाण्याच्या कागदावर वर छापायचं की त्या दिवशीची मोजणी गॅलरीची चुकली होती. माझं नाव घालून."

"आमचीही घाला," मिओ म्हणाली.

ओकिताने करपलेलं ओकोनोमियाकी उलटवलं, चार भाग केले आणि सगळ्यांत काळा तुकडा आपल्या ताटलीत घेतला. "किती वाजले?"

"साडेबारा."

"सराव तीनपर्यंत असतो. खा लवकर. गाडी बाहेरच आहे."

टोफूच्या गाडीत चौघं दाटीवाटीने बसून शहराबाहेरच्या सरावाच्या मैदानावर पोचले. तिथे ढोल-तुतारीला बंदी असते, म्हणून ते रिकाम्या हातांनी उजव्या कोपऱ्यामागच्या जाळीपाशी गेले. समुद्रावरून गार वारा येत होता. प्रशिक्षक एकामागून एक चेंडू उंच उडवत होता आणि कुराइशी एकटा ते झेलत होता. पाणी प्यायला थांबला तेव्हा त्याला जाळीपलीकडची माणसं दिसली. तो घुटमळला, मग टोपी काढून जवळ आला. तो काही बोलायच्या आत सुमिए कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"त्या दिवशी मोजणी माझी चुकली होती. तू ती आपल्या अंगावर घेतलीस. मी पाच आठवडे गप्प बसले. मला माफ कर."

"दांचो, असं नका वाकू," तो गोंधळून म्हणाला. "फलक मागे होता. मान वळवली असती तर दिसला असता. मधल्या सेंटरवाल्याला बोटं दाखवून विचारायला हवं होतं, तेही नाही विचारलं."

"आमचं नाव का नाही सांगितलंस? सगळ्यांनी तुझं ऐकलं असतं."

कुराइशीने थोडा विचार केला. "मी तुमच्याकडे पाठ करून उभा असतो," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे पाठ करून. मला फक्त आवाज ऐकू येतो. तो आवाज खोटा आहे असं मीच चारचौघांत सांगितलं, तर एप्रिलमध्ये तिथे उभा कशाच्या जोरावर राहू?"

सुमिएने जाळीच्या वरून चेंडू पुढे केला. त्याने हात मागे घेतला. "तो तुम्हाला दिलाय. दिलेला परत घेत नाहीत."

शिट्टी वाजली आणि तो धावत आपल्या जागेवर गेला. निशिबेने खिशातला कागद काढला, घसा साफ केला आणि चौघांनी गायला सुरुवात केली. तुतारी नाही, ढोल नाही, वारा अर्धे शब्द पळवत होता. "बेटावरून आलास, वाऱ्याला मागे टाकत ये, कुराइशी, कुराइशी, घरापर्यंत धावत ये." ओकिता बेसूर होता आणि कुणी त्याला थांबवलं नाही. त्यांच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या पोराचे कान लाल झालेले दिसत होते.

गाणं संपलं तसा प्रशिक्षक ओरडला, "आता सामना समजा! एक आउट झालाय, दुसऱ्या बेसवर माणूस!"

कुराइशीने सेंटरकडे एक बोट दाखवलं. सेंटरवाल्यानेही दाखवलं. एरवी खेळाडू एवढ्यावर थांबतो. पण तो पूर्ण मागे वळला, जाळीकडे पाहिलं आणि पुन्हा एक बोट वर केलं.

मिओचं बोट लगेच वर गेलं. सुमिएने आधी मिओच्या बोटाकडे पाहिलं, मग मैदानाकडे, सरळ आणि आपल्या डोळ्यांनी. मग आपलं बोट वर केलं आणि बावीस वर्षांचा सगळा घसा लावून ओरडली.

"अजून दोन!"